अंबरपेठच्या गच्चीवर उतरलेला किरण

हैदराबादला जाऊन आले म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न मोत्यांचा येतो आणि दुसरा बिर्याणीचा. मी या दोन्हींपैकी कशाचंही तोंड पाहिलं नाही. तीन दिवस मी पाहिला तो हरभऱ्याएवढा एक लाल दिवा, आणि तो लागू नये म्हणून जीव मुठीत धरून बसले. तरीही सांगण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून लिहिते.

आधी कामाचं सांगते, म्हणजे दिव्याची भीती कळेल. उपग्रह जमिनीशी बोलतात ते रेडिओच्या लहरींवर. तेच बोलणं लेसरच्या किरणावरून करता आलं तर एका दमात कितीतरी जास्त माहिती खाली येते. अडचण एकच. तो किरण खाली दुर्बिणीत पकडून मोहरीहून लहान अशा, प्रकाश टिपणाऱ्या एका डोळ्यावर धरून ठेवावा लागतो. तो जरा बाजूला सरकला की संभाषण तुटतं. आमच्या यंत्रात संभाषण तुटलं की लाल दिवा लागतो.

पुण्याबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना तसा छोटा. प्रेस मशीनवर कामगाराचा हात चेंगरू नये म्हणून प्रकाशाचे अडसर बनवणं हे आमचं पोटापाण्याचं काम. किरण पकडण्याचा नाद मालकांचा आणि माझा. पूर्वी परदेशातून लेसरचा एवढासा तुकडा मागवायचा तर परवानगीच्या कागदांतच दोन उन्हाळे जायचे. मग सरकारनं दारं उघडली आणि तोच तुकडा काही आठवड्यांत टपालानं आमच्या हातात पडला. आम्ही पेढे वाटले. त्याच उघड्या दारातून आमच्यासारखं अख्खं यंत्र तयार स्थितीत आत येऊ शकतं, हे पेढे खाताना कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हैदराबादच्या एका सरकारी केंद्राला जमिनीवरचं असं यंत्र हवं होतं. आमचं आणि एका परदेशी कंपनीचं, अशी दोनच नावं शिल्लक राहिली होती. केंद्राची अट अशी: विद्यानगरमधल्या उंच पाण्याच्या टाकीला उपग्रह समजायचं, तिथून किरण सोडायचा, आणि अंबरपेठच्या एखाद्या गच्चीवर तो दहा मिनिटं सलग धरून दाखवायचा. उपग्रह डोक्यावरून जातो तेव्हा जेमतेम तेवढाच वेळ दिसतो. परीक्षा तिसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजता, भर मे महिन्यात.

मालकांनी निघताना सांगितलं होतं, "हे नाही जमलं तर हा विभाग बंद. मला आता प्रेसवरच लक्ष द्यायला हवं." म्हणजे तीन वर्षांचं काम पेटीत जाणार, माझ्यासोबतचे फिटर कदम पुन्हा अडसर ठोकत बसणार आणि मी चाळिशीला टेकलेली बाई सगळ्यांसारखी संगणकाच्या क्लासला नाव घालणार. गाडीत कदम झोपले. मी पेटीवर हात ठेवून बसून राहिले.

अंबरपेठ, पहिला दिवस

गच्ची मिळाली ती मालकांच्या लांबच्या नात्यातल्या वैजनाथरावांची. हे घराणं मूळचं बीदरकडचं, शेतीवाडीचं. दोन पिढ्यांपासून हैदराबादेत. वैजनाथराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. जामबागेतल्या मराठी शाळेत शिकलो, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं. घरात फोन, गच्चीवर नळ, आणि समोर विद्यानगरची टाकी स्वच्छ दिसणारी. आम्हाला आणखी काय हवं होतं?

त्यांच्या पत्नी रुक्मिणीकाकू. ठेंगण्या, भरपूर कुंकू लावणाऱ्या, घरात आणि गच्चीवर कायम अनवाणी.

"जेवलाव का?" हे त्यांचं पहिलं वाक्य. पाट मांडून झाले होते. ज्वारीची भाकरी, आपल्याकडच्या अंबाडीची भाजी, जिला त्या गोंगुरा म्हणत होत्या, आणि लाल मिरचीची अशी चटणी की कदमांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुण्यात पाहुण्याला आधी "पाणी घेणार का" असं विचारतात. इथे विचारणं नाही, थेट ताट.

संध्याकाळपर्यंत आम्ही दुर्बीण मांडली. प्रवासात तिच्या तिवईचा एक पाय मोडला होता, तो विटेवर टेकवला. तारा अंथरल्या. माझे नियम कडक असतात: तारांजवळ रबरी तळाचे बूट घालायचे, आणि पाणी वीस पावलं लांब. पूर्वी एकदा पावसाच्या चार थेंबांनी माझा एक वीजपुरवठा जाळला होता. तेव्हापासून यंत्राजवळ पाण्याचा तांब्या दिसला तरी माझं डोकं फिरतं.

पाच वाजता काकू बादली घेऊन वर आल्या आणि त्यांनी सहज, सवयीनं, ओंजळभर पाणी गच्चीवर फेकलं.

मी ओरडले. वयानं आईसारख्या बाईवर, तिच्याच घरात, पहिल्याच दिवशी.

काकू चपापल्या. "छताला पानी मारायलाव होतो," त्या म्हणाल्या. "रोज मारतो आमी. न्हाई तर खालची खोली भट्टी होती."

"तीन दिवस नाही मारायचं," मी म्हणाले, आणि नळाच्या तोटीला तारेचे चार वेढे घालून पक्कं करून टाकलं. कदम दुसरीकडे पाहत होते.

"बरं बाई. तुमचं सरकारी काम हाय," म्हणत काकू बादली उचलून खाली गेल्या.

सूर्य कलल्यावर कदम टाकीवर पोहोचले, त्यांनी किरण सोडला आणि तो अलगद माझ्या दुर्बिणीत उतरला. तो डोळ्यांना दिसत नाही. यंत्रावरचा काटा हलतो तेवढंच. दिवा लागला नाही. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, नाहीच लागला. मी खाली जाऊन दोनदा भात घेतला. किरण दिसत नाही तर तो आहे कशावरून, असं काकूंनी विचारलं, आणि मी त्यांना अगदी शहाण्यासारखं समजावून सांगितलं.

जामबाग आणि अंबरपेठ, दुसरा दिवस

सकाळी मोडका पाय घेऊन जामबागेत गेले. तिथे सुतारांची आणि फर्निचरवाल्यांची दुकानं ओळीनं आहेत. मेहंदी लावलेल्या दाढीच्या एका म्हाताऱ्या सुतारानं पाय हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"दुर्बीन का है क्या? चाँद देखते?"

"वैसाच समझो," मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "आज होगा?"

"होता ना. बैठो तो सही. गरम नक्को हो."

पुण्यातला कारागीर परवा या म्हणतो आणि परवा दुकान बंद असतं. या माणसानं मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि तासाभरात सागाचा असा पाय जोडून दिला की मूळचेच दोन त्याच्यापुढे कच्चे वाटावेत. कदमांचं सगळं काम लोखंडातलं, पण मी परतल्यावर त्यांनीही तो हातानं दाबून बघितला आणि मान डोलावली.

दुपारी अडीचला आम्ही रंगीत तालीम घेतली आणि दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. मग तर तो थांबेचना. काटा पिसाळल्यासारखा इकडून तिकडे जात होता. पाय तपासला, तारा तपासल्या, यंत्राचा डोळा पुसला. काही फरक नाही.

टाकीवर फोन नव्हता. खाली चौकीदाराच्या खोलीत होता. मी वैजनाथरावांच्या दिवाणखान्यातून फोन करायचा, चौकीदारानं हाक मारायची, कदमांनी लोखंडी शिडी उतरून यायचं.

"कदम, तुमचा लेसरचा स्टँड हलतोय."

"नाही ताई. घट्ट आहे."

"मग किरण का नाचतो?"

"पुन्हा आवळतो."

असं चार वेळा झालं. चौथ्यांदा मी म्हणाले, "काल संध्याकाळी चालत होतं. मधल्या वेळात तुम्ही काहीतरी हलवलंय. कबूल तरी करा."

 मग ते म्हणाले, "वीस वर्षं लोखंड घासतोय ताई. हलत असेल तर मी धरून बसतो."

ते खरोखर धरून बसले. मेच्या उन्हात लोखंडी स्टँडला दोन्ही हातांची मिठी मारून, साडेचारपर्यंत. दिवा तसाच पेटत राहिला. संध्याकाळी ते आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, लाल पट्टे उठले होते. काकूंनी काही न विचारता खोबरेल आणून लावलं. मी पुन्हा तारा तपासायला गच्चीवर गेले. टाकीवरचा किरण चालूच ठेवला होता; सूर्य उतरल्यावर यंत्र पुन्हा शहाण्यासारखं चालू लागलं आणि त्याचा मला अधिकच राग आला.

खालच्या खोलीत खरंच बसवत नव्हतं. काकू पदरानं वारा घेत होत्या. छताला पाणी नव्हतं ना.

अंबरपेठ, तिसरा दिवस

साडेबाराला कदम टाकीवर गेले. एक वाजता दिवा पेटला तो पेटलाच. चार वाजायला तीन तास होते. मी मालकांना फोन करून सांगून टाकावं का, असा विचार करत होते. काय सांगणार होते? संध्याकाळी चालतं, दुपारी चालत नाही. उपग्रह काही संध्याकाळ बघून येत नाही.

दोनच्या सुमारास काकू ताटलीत सोललेले ताडगोळे घेऊन वर आल्या. इथे त्यांना मुंजल म्हणतात. गच्चीवर एक पाऊल टाकलं आणि पटकन मागे घेतलं. मग टाचांवर, उड्या मारल्यासारख्या, माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या सावलीत उभ्या राहिल्या.

"पाय ठरंना," त्या म्हणाल्या. "खा हो. कालपासून तुमच्या पोटात कायबी न्हाई. कायको इतक्या परेशान होताव?"

मी म्हणाले, किरण नाचतोय.

"नाचणारच की. ती टाकीबी नाचायली, बघा." त्यांनी समोर हात केला. "ऊन झालं की रोज नाचती. पानी मारलं की उभी राहती गपचिप. मी रोज बघतो."

मी पाहिलं. आमच्या कठड्यावरून विद्यानगरची टाकी खरंच हेलकावत होती, चुलीच्या धगेपलीकडचं भांडं हलताना दिसतं तशी. तापलेल्या सिमेंटवरून गरम हवा वर चढत होती, अगदी दुर्बिणीच्या तोंडासमोर. त्या हवेतून येणारा कुठलाही किरण नाचणारच. हे मी कॉलेजात शिकले आहे. परीक्षेत लिहिलं आहे. पण आमच्या सगळ्या चाचण्या पुण्याच्या टेकडीवर, थंडीत, भल्या सकाळी झाल्या होत्या, कारण दिवसा कदमांना प्रेसची कामं असत. आणि इथे माझ्या पायात रबरी तळाचे जाड बूट होते. गच्ची किती तापली आहे हे त्या घरात फक्त मलाच कळत नव्हतं.

मी हातातला मुंजल तसाच ताटलीत ठेवला आणि तोटीच्या तारा सोडवायला धावले. स्वतःच घातलेले वेढे सुटता सुटेनात. शेवटी पक्कड लावली.

"काकू, पाणी मारायचं. किती आहे?"

 इथे नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि त्या दिवशी यायचं नव्हतं. घराच्या वरच्या टाकीत होतं ते उद्या सकाळपर्यंत घराला पुरवायचं होतं, स्वयंपाकाला, आंघोळींना, सगळ्याला.

"हाय तेवढं हाय," त्या म्हणाल्या. "मारा."

पहिली बादली ओतली तशी गच्ची चर्रकन वाजली, वाफ उठली आणि दिवा पूर्वीपेक्षा जोरात फडफडू लागला. माझा धीर सुटला. काकूंनी मात्र दुसरी बादली भरून ठेवली होती. "पहिलं पानी छत पिऊन टाकतं," त्या म्हणाल्या. तारा मी विटांवर उचलून ठेवल्या. वैजनाथराव धोतर खोचून मदतीला आले. तिसऱ्या, चौथ्या फेरीनंतर सिमेंट काळं पडलं आणि काळंच राहिलं. दिवा थांबून थांबून लागू लागला, मग मधली अंतरं वाढली. मी समोर पाहिलं. टाकी उभी होती.

बरोबर चारला जीप आली. केंद्राचे राव सर, त्यांचे दोन सहायक आणि टाय लावलेला परदेशी कंपनीचा एजंट. राव सर ओल्या गच्चीकडे बघून थबकले. हातातलं घड्याळ वर धरलं आणि इंग्रजीत म्हणाले, "सुरू करा."

पहिली चार मिनिटं गेली. काटा थरथरत होता, पण जागेवर. पाचवं गेलं. सहावं गेलं. काकू जिन्याजवळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. एवढ्या साहेबांत वर का थांबल्या हे मला कळत नव्हतं. मग त्या हळूच पुढे आल्या, कठड्याजवळ पाऊल टेकवलं आणि उचललं. मी तिकडे पाहिलं. पश्चिमेच्या कडेला, किरण येत होता त्याच बाजूला, हातभर रुंद पट्टा काळ्याचा पांढरा होत चालला होता. काकूंनी नळ सोडला. तोटी दोनदा खोकली आणि कोरडी झाली.

काट्याची थरथर वाढली. सातवं मिनिट. काकू दिसेनाशा झाल्या.

आल्या त्या कडेवर माठ घेऊन. घरातलं प्यायचं पाणी. यंत्राच्या तारा माठापासून हातभर अंतरावर होत्या आणि माझ्या तोंडात सवयीची किंकाळी तयार होती. ती मी गिळली. काकूंनी माठ कलता केला, हाताच्या पंज्यावरून पाणी कठड्याच्या कडेनं सोडलं, हल्लू हल्लू, एक थेंबही इकडे न उडवता, आणि मागून उलट्या पावलांनी पाय टेकवत टेकवत आल्या. पाय ठरला की पुढे, नाही ठरला की पुन्हा धार. सगळे साहेब त्यांच्याकडे बघत होते. मी दिव्याकडे बघत होते. आठ. नऊ. काटा कडेला जाऊन आला. दिवा लागला नाही.

"दहा," राव सर म्हणाले.

मी तिथेच ओल्या गच्चीवर बसले.

एजंटनं काहीतरी हरकत घेतली, की हे नैसर्गिक परिस्थितीत झालेलं नाही. राव सरांनी त्याला विचारलं, तुमचं यंत्र कुठे तपासलं? एका थंड देशाचं नाव आलं. राव सरांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. "पाणी नसेल तर?"

"तर दुपारी चालणार नाही," मी म्हणाले. खोटं बोलण्याइतकी ताकदही उरली नव्हती. "हे आम्हाला आज दोन वाजेपर्यंत माहीत नव्हतं. यांनी दाखवलं."

"या तुमच्या टीममध्ये आहेत?"

"हो," मी म्हणाले. राव सरांनी वहीत नाव लिहून घेतलं, काकूंना दोनदा विचारून.

साहेब गेल्यावर मी काकूंजवळ गेले. माफी मागताना मला रडू आलं, आणि ते लपवावंसं वाटलं नाही. "मी तुमच्यावर ओरडले," मी म्हणाले.

"ओरडलाव खरं," काकू म्हणाल्या. "आता शेजारून दोन घागरी आना. चायला पानी न्हाई घरात."

मी बूट काढले आणि शेजारच्या बोअरवरून घागरी आणल्या. कदम टाकीवरून आले तेव्हा चहा उकळत होता. त्यांच्या हातांवरचे पट्टे अजून लाल होते. सगळ्यांसमोर मी त्यांना सांगितलं की स्टँड हलत नव्हता, चूक माझी होती. ते म्हणाले, "माहीत होतं ताई," आणि बशीत चहा ओतला.

पुणे, परतल्यावर

पत्र गेल्या आठवड्यात आलं. काम आम्हाला मिळालं. मालकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. खाली एक अट होती: प्रात्यक्षिकात वापरलेली छत थंड ठेवण्याची पद्धत केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी लेखी, नेमक्या शब्दांत कळवावी.

मी लिहायला बसले. दर चौरस मीटरला किती लिटर, किती वेळानं, किती तापमानाला. तीन कागद फाडले. यातलं काहीच मी मोजलं नव्हतं. शेवटी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून अंबरपेठला फोन लावला.

"काकू, छताला पाणी किती मारायचं?"

"मापानं न्हाई सांगता येत हो," पलीकडून आवाज आला. मागे बादलीत नळाची धार पडत होती. पाण्याचा दिवस असावा. "पाय ठेवून बघायचं. ठरला की बास."

परत येऊन मी चौथा कागद घेतला. तो आता केंद्रात पोहोचला असेल, सही-शिक्क्यासकट. त्यातली दुसरी सूचना अशी आहे: 'यंत्र सुरू करण्यापूर्वी एका कर्मचाऱ्याने पादत्राणे काढून छतावर अनवाणी पाऊल ठेवावे. पाय ठरत नसेल तर पाणी मारावे. पाय ठरला की किरण ठरेल.' पद्धत कोणाची या रकान्यात मी रुक्मिणीकाकूंचं पूर्ण नाव लिहिलं आहे.